तारीख देव देईल, तुम्ही बोटी द्या

कोकण किनाऱ्यावरच्या पर्यटन महोत्सवांचं वेळापत्रक आखणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या हंगामात तुमच्यापैकी कुणीतरी बोलावलेल्या एका बैठकीला मी हजर होते. कोणी, कुठे ते लिहीत नाही. माणूस बोलायला बरा होता आणि चहासोबत खाजंही ठेवलं होतं. समोरच्या भिंतीवर एक तक्ता पाडला होता. पहिल्या रकान्यात उत्सवाचं नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात अपेक्षित गर्दी, चौथ्यात तारीख. चौथ्या रकान्याच्या डोक्यावर कंसात लिहिलं होतं, 'शक्यतो शनि-रवि'. खाली शिमगा होता, नारळी पौर्णिमा होती, दोन-तीन गावांच्या जत्रा होत्या. ज्याने त्याने आपल्या गावचा चौथा रकाना भरून द्यावा, म्हणजे सहा महिने आधी जाहिरात करता येईल, असं सांगण्यात आलं.

माझ्या शेजारी आमच्या गावचे एक वयस्क मानकरी बसले होते. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि हळूच मला म्हणाले, "गो बाय, देवाक इचारूचो रकानो खंय आसा ह्येच्यात?"

हे पत्र त्या राहिलेल्या रकान्याबद्दल आहे.

आधी माझी ओळख. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावर राहते. घराला लागून चार खोल्या आहेत, त्या पाहुण्यांना देते. आमचा सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा मी या घरात नवी होते आणि पाहुण्यांसाठी वेगळी खाटसुद्धा नव्हती. आज कर्ज काढून बांधलेली संडास-बाथरूम आहेत, वायफाय आहे, आणि माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग बाहेरगावच्या लोकांनी खाल्लेल्या सुरमईवर झालेलं आहे. तेव्हा 'पर्यटक नकोत, आमची संस्कृती बिघडते' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पर्यटक नसले तर माझी चूल आमच्यापुरतीच पेटेल आणि हप्ता तटेल.

पण त्या बैठकीत जे ऐकलं, ते वर्षभर डोक्यातून गेलं नाही.

सगळ्यात झगमगीत कल्पना होती ती बेटावरच्या कार्निव्हालची. देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. लोक त्याला सुनामी आयलंड म्हणतात. भरती आली की त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा वर येतो. दिवसभर तिथे स्कूटर, बनाना बोटी, भजी, नारळपाणी चालतं. तर या वाळूवर तीन दिवसांचा कार्निव्हाल भरवायचा, मुखवटे, चित्ररथासारख्या सजवलेल्या होड्या, रात्री संगीत. आणि त्याला 'लोकल टच' म्हणून आजूबाजूच्या गावांच्या पालख्या स्पीडबोटीने बेटावर आणायच्या. सूर्यास्ताच्या वेळी. फोटो चांगले येतात.

खोलीत कुणी हसलं नाही. मानकरी फक्त म्हणाले, "भरती किती वाजता?" तुमच्या माणसाला वाटलं की ते तयार झाले.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर तुम्हीच उद्या मला गाठाल. आमचे देव बोटीत बसत नाहीत असं मुळीच नाही. कांदळगावचा देव रामेश्वर दर तीन वर्षांनी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो. किल्ला कुरटे बेटावर, म्हणजे मधे समुद्र. देव तरंगांसकट, म्हणजे रंगीत वस्त्रं नेसवलेल्या देवाच्या काठ्यांसकट, वाजतगाजत होडीत बसतो, पाणी ओलांडतो आणि किल्ल्यातल्या शिवराजेश्वराला भेटतो. शिवराजेश्वर म्हणजे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवाजी महाराजांचं देऊळ. देवाने राजाला भेटायला जायचं, तेही बेटावर, तेही समुद्रातून. जगात कुठल्या कार्निव्हालमध्ये एवढं नाट्य आहे, मला सांगा. मी हे जवळून पाहिलंय. धक्क्यावर उभं राहिलं की ढोलांचा आवाज पाण्यावरून येतो आणि होड्या लाटेवर वरखाली होताना तरंगांचे रंग मधेच दिसतात, मधेच बुडतात. शेजारी उभा असलेला पुण्याचा पाहुणा मोबाइल खाली करून नुसता बघत राहिला होता.

म्हणजे बेट चालतं, बोट चालते, गर्दीही चालते. देव तिथे कुणाला तरी भेटायला जातो. वाळूच्या पट्ट्यावर त्याने कुणाला भेटायचं, ते त्या तक्त्यात नव्हतं.

आता तारखेकडे वळते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

'तारीख सहा महिने आधी कळल्याशिवाय पर्यटक येत नाहीत' हे वाक्य त्या दिवशी मी किमान पाच वेळा ऐकलं. ऐकताना दर वेळी डोळ्यांसमोर आंगणेवाडी येत होती. मसुऱ्याची आंगणेवाडी, भराडी देवी. या जत्रेला तिथी नाही. पंचांग घेऊन बसलात तर सापडणार नाही. दिवाळीनंतर देवीचा कौल घ्यायचा, रानात पारधीला जायचं, डुकराची शिकार झाली की मग पुन्हा देवीला विचारून दिवस ठरवायचा. कधी लवकर ठरतो, कधी लांबतो. तोवर कुणालाच ठाऊक नसतं: ना आंगणे मंडळींना, ना मुंबईतल्या चाकरमान्यांना, ना मंत्र्यांना. आणि तारीख बाहेर पडली की काय होतं? वर्तमानपत्रांत बातमी येते. रेल्वे जादा गाड्या सोडते. एसटी फेऱ्या वाढवते. मुंबईतल्या अर्ध्या कचेऱ्यांत रजेचे अर्ज पडतात. दीड-दोन दिवसांत लाखांनी माणूस एका वाडीत उतरतो आणि पुढाऱ्यांचे ताफे धुळीत अडकतात. आंगणे घराण्यातल्या बायका प्रसादाचं जेवण रांधताना एकमेकींशी बोलत नाहीत. एवढी गर्दी, एवढा भोंग्यांचा गलका, आणि आत चुलीपुढे गप्प. मला त्या जत्रेतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

तर साहेब, तारीख आधी माहीत नसलेला उत्सव चालवण्याची विद्या सरकारला येते. दरवर्षी येते. रेल्वेला देवीच्या तारखेशी जुळवून घेता येतं, मग तुमच्या तक्त्याला का येत नाही?

नारळी पौर्णिमेचं तर त्या दिवशी हसूच झालं. कुणीतरी म्हणालं की ऑगस्टमध्ये पाऊस असतो, किल्ल्याच्या प्रवासी बोटी बंद असतात, पर्यटक समुद्रात जाऊ शकत नाहीत. तर हाच सोहळा डिसेंबरात पुन्हा एकदा 'सादर' केला तर? सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ, पारंपरिक वेश, नारळ लढवण्याची स्पर्धा, सगळं तसंच. मला क्षणभर काय बोलावं सुचलं नाही. अहो, नारळ वाहायचा तो खवळलेल्या समुद्राला. दोन महिने ज्याने होड्या वर ओढून ठेवायला लावल्या, त्याला सांगायचं असतं की आता पुरे, आता आम्हाला येऊ दे. डिसेंबरात समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो. त्याला काय सांगणार?

कायद्याने मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. पौर्णिमा कायद्याचं ऐकत नाही. २०२३ साली अधिक महिना होता म्हणून ती ३० ऑगस्टला आली, २०२४ साली १९ ऑगस्टला. बंदी उठली की मोठे ट्रॉलर १ ऑगस्टलाच सुटतात. आमच्या वाडीतले म्हातारे मात्र नारळ पडल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत आणि ट्रॉलरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत पडवीत जाळी शिवत बसतात. तोट्यातली गोष्ट आहे, त्यांनाही कळते. पण पर्यटकाला दाखवण्यासारखं खरं काही असेल तर ते हे आहे. पावसात भिजत मालवणच्या बंदरावर उभं राहून एकदा बघा. बायका नारळ लढवताना काय त्वेषाने मारतात! एकीने धरायचा, दुसरीने हाणायचा, फुटला त्याने हरायचं. मी एकदा दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले होते. अंगठा आठ दिवस सुजला होता.

शेजारच्या गोव्याचं उदाहरण बैठकीत सारखं दिलं जात होतं. 'गोव्याकडे बघा, कार्निव्हालमुळे हॉटेलं कशी भरतात.' बघू या की. माझी आत्या दिवाडीला दिलेली. दिवाडी म्हणजे मांडवी नदीतलं बेट, पूल नाही, जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा नार्व्याहून फेरीने जायचं. त्यामुळे गोव्यातले उत्सव मी हॉटेलच्या गच्चीवरून नाही, आत्याच्या ओसरीवरून पाहिलेत.

पहिली गोष्ट म्हणजे कार्निव्हालची तारीखही कुणा अधिकाऱ्याने ठरवलेली नाही. ती चंद्र ठरवतो! वसंतातल्या पुनवेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या आधी शेहेचाळीस दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार, आणि त्या बुधवारच्या आधीचे चार दिवस कार्निव्हाल, ज्याला गोव्यात जुनी माणसं इंत्रूज म्हणतात. पुढे, मधले रविवार सोडले तर, उपासाचे चाळीस दिवस असतात म्हणून आधी खाऊन-पिऊन घ्यायचं. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, आपल्या होळीच्या पुनवेनंतरच्या रविवारी. २०२५ साली २० एप्रिलला, हनुमान जयंतीच्या पुनवेनंतर. तोच चंद्र आमच्या शिमग्याचा आणि तोच त्यांच्या उपासाचा. मिरवणूक शनिवारी निघते ती तुमच्या वीकेंडसाठी नव्हे. बुधवारपासून मागे मोजलं की शनिवार येतो, एवढंच. हे आत्याच्या शेजारच्या मावशीने मला बोटांवर मोजून दाखवलं होतं, एका हातात भाजलेले काजू धरून.

दुसरी गोष्ट, तिथेही दोन कार्निव्हाल आहेत. एक पणजीतला, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दशकात सुरू झालेला: चित्ररथ, कार्निव्हालचा राजा किंग मोमो, त्याचं 'खा, प्या, मजा करा'चं फर्मान, पुरस्कर्त्यांचे फलक. तो मला आवडतो, खोटं का बोलू. दोनदा गेलेय, दोन्ही वेळा रंगून परत आलेय. दुसरा कार्निव्हाल गावातला. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत अंगणात होणारे खेळ. चांदरला त्याच दिवसांत रात्री होणारा मुसळ खेळ, ज्यात ख्रिस्ती गावकरी मुसळं आपटत, कोकणीतली जुनी गाणी म्हणत घरोघर जातात. त्या मुसळांना कुणी पणजीच्या ट्रकवर चढवून आणलं तर त्यांचा ठेका कुठल्या अंगणात पडायचा? गोव्याने पणजीची मिरवणूक वाढवली, चांदरचा खेळ चांदरला राहिला. आमच्याकडे मात्र चांदरच पणजीत न्यायचा विचार चालला आहे.

आणि हो, तुम्ही म्हणाल, दिवाडीचंच बोंदेरां शनिवारी असतं. बरोबर, ऑगस्टचा चौथा शनिवार. बैठकीत कुणी हे काढलं असतं तर मी गडबडले असते. बोंदेरां म्हणजे झेंडा. बेटावरच्या वाड्यांचे जमिनीच्या हद्दींवरून तंटे व्हायचे, पोर्तुगीज सरकारने हद्दीवर झेंडे रोवले, लोकांनी दगड मारून ते पाडले. त्याची ही आठवण आणि थट्टा. पोरं बांबूच्या नळकांड्यातून रानफळं झाडतात, त्याला फोटाश म्हणतात. वाड्यांचे झेंडे मिरवतात, चित्ररथ असतात, बँड असतो. हा थट्टेचा दिवस आहे, दिवाडकरांनी आपल्या सोयीने शनिवार धरला. आपल्या घरच्या थट्टेला वार लावायचा हक्क घरच्यांना. तिथे चित्ररथ हवा की नको यावर ओसरीवर जी भांडणं चालतात ती ऐकलीत तर तुमची बैठक फारच शांत वाटेल.

याच दिवाडी बेटावर कधीकाळी सप्तकोटेश्वर होता. देऊळ पाडलं गेलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे त्याचं देऊळ बांधवलं. आमच्या देवांनी बेटं सोडली, ओलांडली, पुन्हा वसवली, याचा असा लांब इतिहास आहे. कधी जीव वाचवायला, कधी भेटीला. म्हणून बेटावर देव नेण्याची गोष्ट हलक्या हाताने करू नये, असं मला वाटतं.

दशावताराबद्दल लिहिलं नाही तर घरात मला जेवण मिळणार नाही, कारण सासरे पूर्वी पखवाज वाजवायचे. जत्रेच्या रात्री दशावतार सुरू होतो तो मध्यरात्रीच्या सुमाराला. आधी आडदशावतार: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग वेद चोरणारा संकासुर येतो आणि मालवणीत सगळ्या गावाची खिल्ली उडवतो, सरपंचापासून. मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. नट आपापला रंग आपणच लावतात, कथा मुक्रर करतात, बोलणं तिथल्या तिथे जमवतात. हार्मोनियम, पखवाज, झांज. पहाटे दहीकाला फुटतो तेव्हा पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात आणि म्हातारे मात्र टक्क जागे. तुमच्या एका महोत्सवात याला चाळीस मिनिटं दिली होती. 'आडदशावतार कापा, युद्ध ठेवा, आणि जरा हिंदीत बोला.' संकासुर हिंदीत! त्या नटाने मान डोलावली, मानधन घेतलं, युद्ध केलं आणि घरी जाताना माझ्याकडे चहाला थांबला. रंग पुसत म्हणाला, "गावात एक चुकलंय तर मागल्या ओळीतली म्हातारी उठान सांगता. हंय कोण सांगतलो?" त्याला पैशाबद्दल तक्रार नव्हती. पैसे तुम्ही गावापेक्षा जास्त दिलेत, आणि वेळेवर दिलेत, हेही लिहून ठेवते.

होळीचंही तेच. सिंधुदुर्गात होळी म्हणजे नुसता जाळ नव्हे. आंब्याचं किंवा पोफळीचं झाड निवडायचं, त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, तोडून खांद्यावरून वाजतगाजत आणायचं आणि देवळासमोर उभं करायचं. कुडाळ भागात रोंबाट, म्हणजे शिमग्याची नाचती-गाती मिरवणूक, निघतं, राधा नाचते, घरोघर शबय, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागितला जातो. आदल्या शनिवारी किनाऱ्यावर एक 'नमुन्याची' होळी उभी करून द्याल का, असं आम्हाला विचारलं गेलं. दुसरं झाड कुठल्या तोंडाने तोडायचं? गाऱ्हाण्यात काय म्हणायचं, की बा देवा महाराजा, हे झाड पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी तोडतोय, गोड मानून घे?

त्या गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' म्हणायला कोण पुढे येईल, बघा.

आता आमच्या बाजूचं थोडं. सगळा दोष तुमच्या माथी मारून मी मोकळी होत नाही. पालखी रविवारी आमच्याच दारात यावी म्हणून गावच्या समितीला फोन करणारे पहिले आमचे चाकरमानीच असतात, तुम्ही नंतर आलात. देवळाच्या पटांगणात डीजे आणला तो आमच्याच पोरांनी. मानपानावरून आमच्या शेजारच्या एका गावात पालखी वर्षभर कुलपात राहिली आणि शिमग्याला देवळाबाहेर पोलीस बसले. मान कुणाचा, खांदा कुणी द्यायचा, कुणी लांबून बघायचं, यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जे केलंय ते सगळं मिरवण्यासारखं नाही. आणि परंपरा बदलत नाही असंही नाही. आमच्याकडे रोंबाट निघालं की बायका ओट्यावरून बघायच्या. आता मुली त्यात नाचतात. हा बदल दोन वर्षं देवळात बसून, घसा बसेपर्यंत भांडून झाला. एका ईमेलने झाला नाही.

बैठकीत गावपळणीचं नाव निघालं तेव्हा मात्र मी हात जोडले. आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल झाला की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस-तीन रात्री झोपड्या बांधून राहतं. मागे गावात कुणी नाही. चूल नाही, दिवा नाही. बाहेर राहुट्यांत मात्र गाणी, मासे, गप्पा. लहान मुलांसाठी तर सणच. 'हे फार युनिक आहे,' तुमचा माणूस म्हणाला, 'रिकाम्या गावाची नाइट टूर करता येईल.' यावर मानकरी जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

मग तुम्ही करायचं काय, असं विचाराल. भरपूर आहे. तेच सांगायला हे पत्र लिहायला बसले होते, मधे वाहवत गेले.

कार्निव्हाल हवा असेल तर करा. मनापासून सांगते, करा. वाळूवर करा, धक्क्यावर करा, शनि-रवि करा. मुखवटे आणा, बँड आणा, आमच्या पोरांना होड्या सजवायचं काम द्या, माझ्या चार खोल्या भरा. ओहोटीचं वेळापत्रक तेवढं बघून करा. २०२५ साली सिंधुदुर्ग किल्ला युनेस्कोच्या यादीत गेलाय, लोक येणारच आहेत, त्यांना संध्याकाळी करायला काहीतरी हवंच. फक्त त्यात देव नको. पणजीने किंग मोमो उभा केला, तुम्ही तुमचा कुणीतरी राजा उभा करा. आमच्याकडे कागदाची शिंगं लावून नाचणाऱ्यांची कमी नाही.

आणि जे उत्सव आमचे आहेत त्यांच्यासाठी रंगमंच नको, संडास द्या. जत्रेत सगळ्यात जास्त हाल बायकांचे होतात. मध्यरात्री दशावतार बघायला बसलेली बाई पहाटेपर्यंत पाणी पीत नाही, का ते तुम्हाला सांगायला हवं का? फिरती शौचालयं, त्यांना पाणी, आणि तिथे उजेड. पहाटे दहीकाला संपल्यावर सुटणारी एक एसटी द्या. सध्या लोक सहाच्या गाडीची वाट बघत देवळाच्या पायरीवर पेंगतात. रामेश्वर किल्ल्यावर जातो तेव्हा होड्या किती, माणसं किती, लाइफ जॅकेट किती, हे मोजायला बंदरावर एक माणूस उभा करा. देवाच्या होडीत चढायला सगळेच धावतात आणि मला दर वेळी धडकी भरते. गाड्या गावाच्या बाहेर अडवा. दिवाडीला बोंदेरांच्या दिवशी फेरीच्या रांगेत उभं राहून मी हे शिकले, की पाणी मधे असलं म्हणजे गर्दीला आपोआप शिस्त लागते. आमच्याकडे रस्ता थेट देवळाच्या दारापर्यंत जातो, तीच पंचाईत आहे.

तारखेचं म्हणाल तर एक साधी सोय करा. चौथा रकाना मोकळा सोडा. गावाने कौल घेऊन दिवस कळवला की त्याच दिवशी तो जाहीर करा, संकेतस्थळावर टाका, आम्हा खोल्यावाल्यांना एक मेसेज पाठवा. बाकीचं आम्ही बघतो. गावाला तारीख विचारायला जाल तेव्हा बैठकीला बोलावू नका, देवळात या. मानकरी सकाळी नऊपर्यंत तिथेच असतात.

शेवटी एक धंद्याची गोष्ट. माझ्याकडे येणारे पाहुणे 'शनि-रवि काही कार्यक्रम आहे का' असं विचारतात हे खरं. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जे येतात त्यांचे फोन वेगळे असतात. 'वहिनी, जत्रा ठरली का?' 'यंदा किल्ल्यावर रामेश्वर जाणार का?' ते मधल्या वारी रजा टाकून येतात, चार दिवस राहतात, आणि शनिवारच्या पाहुण्यांसारखे दरावर घासाघीस करत नाहीत. माझ्या वहीत त्यांची नावं वेगळ्या पानावर आहेत. तुमच्या तक्त्यात तो आकडा धरला असेल असं वाटत नाही.

येत्या शिमग्याला तुमच्यापैकी कुणी स्वतः यायचं म्हणत असाल तर जरूर या. दोन खोल्या राखून ठेवते. फक्त होळी उभी राहते त्या रात्री जेवायला उशीर होईल. घरात कुणीच नसतं, सगळे झाड आणायला गेलेले असतात. भूक लागलीच तर चुलीशेजारच्या डब्यात खापरोळ्या असतील, हाताने घ्या.

आपली,
मालवण तालुक्यातली एक खोल्यावाली